सेविकेने आधी स्वतः चेंडू फेकावा

तीन ते सहा वर्षांची मुलं दिवसभर धावतात, चढतात, पडतात. त्यांना हालचाल वेगळी शिकवायची कशाला, हा प्रश्न बालशिक्षणाचा विषय निघाला की हमखास येतो. मुलांना मोकळं सोडा, बाकीचं आपोआप होतं, या समजुतीत तथ्य आहे, पण ते चालण्या-धावण्यापुरतं. त्यापुढचं बरंच काही आपोआप होत नाही. ते शिकवायची जबाबदारी जिच्यावर आहे त्या अंगणवाडी सेविकेला, नर्सरीतल्या बाईंना, ते कसं शिकवायचं हे आपण जवळपास कधीच शिकवलेलं नाही.

मोकळीक देण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम आवाज हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांचा. 1946 साली बुडापेस्टमध्ये त्यांनी अनाथ बाळांसाठी संस्था सुरू केली. जे मूल स्वतःहून बसत नाही त्याला बसवायचं नाही, जे उभं राहत नाही त्याला उभं करायचं नाही, ही तिथली शिस्त होती. पालथं पडणं, रांगणं, उभं राहणं, चालणं या गोष्टींबाबत पिकलर यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. बाळाला वॉकरमध्ये कोंबणाऱ्या प्रत्येक घराने ते ऐकायला हवं. पण चेंडू नेमका फेकणं, येणारा चेंडू झेलणं, एका पायावर लंगडत जाणं, लयीत उडत पुढे सरकणं ही कौशल्यं वेगळ्या जातीची आहेत. ती संधीने, पाहण्याने आणि योग्य वेळी मिळालेल्या दोन शब्दांनी येतात.

फेकण्याचंच पाहू. तीन वर्षांचं मूल समोर तोंड करून उभं राहतं, दोन्ही पाय रोवलेले, आणि कोपरातून हात झटकून चेंडू सोडतं. पुढच्या टप्प्यात ते पाऊल टाकतं, पण बहुधा ज्या हाताने फेकायचं त्याच बाजूचं. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे येणं, कमरेतून अंग वळणं, फेकून झाल्यावर हात अंगावरून खाली उतरणं हे बऱ्याच उशिरा येतं, आणि कित्येकांना मोठेपणीही येत नाही. झेलण्यात तर भीती आडवी येते. मूल हात ताठ पुढे करतं, चेंडू जवळ आला की तोंड फिरवतं आणि डोळे मिटतं. पाहणाऱ्याला वाटतं, याचं लक्ष नाही. लक्ष असतंच, पण चेंडू टणक असतो आणि वेगाने येतो. त्याऐवजी पातळ ओढणी वर उडवली तर ती तरंगत खाली येते, डोळ्यांना तिच्या मागे जायला वेळ मिळतो आणि हात आपसूक वळतात. मग चिंध्यांचा मोठा चेंडू, मग लहान. हा क्रम ज्या बाईंना माहीत आहे त्यांच्या वर्गातलं मूल झेलायला शिकतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्या वर्गातलं मूल ‘घाबरट’ ठरतं.

लोगन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी 2012 साली मुलांना हालचालीची कौशल्यं शिकवण्याच्या अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. ठरवून शिकवलेल्या मुलांची कौशल्यं सुधारली. नुसत्या मोकळ्या खेळात ठेवलेल्या मुलांमध्ये म्हणण्यासारखी सुधारणा दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 180 मिनिटांची हालचाल सांगितली, त्यातली साठ मिनिटं तरी दमवणारी. ते मोजमाप वेळेचं आहे. त्या वेळात मुलाचं शरीर काय शिकतं, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसावर ठरतं.

पूर्वी मग मुलं कशी शिकली? त्यांना शिकवणारं माणूस होतं, फक्त ते मोठं नव्हतं. लंगडी, लगोरी, सूरपारंब्या, आबाधोबी या खेळांत चार वर्षांचा ‘लिंबूटिंबू’ दहा वर्षांच्या ताईच्या मागे असायचा. ती त्याचा हात धरायची, त्याच्यासाठी नियम सैल करायची, ओरडायची, पुन्हा करून दाखवायची. मिश्र वयाची ती टोळी हीच शाळा होती. आपण एका वयाची मुलं एका खोलीत बसवली, गल्ली वाहनांना दिली आणि ताईला शिकवणीला धाडलं. अंगणवाडीत आता तिची जागा घेणारं एकच माणूस उरलं आहे.

त्या माणसाकडे नीट पाहिल्याशिवाय प्रशिक्षणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. सेविका बाई असते. दहा-अकराव्या वर्षी ‘आता पुरे उंडारणं’ असं ऐकून तिच्या पिढीतल्या असंख्य मुलींचं धावणं-फेकणं संपलं. मुली फेकण्या-झेलण्यात मुलग्यांच्या मागे राहतात असं देशोदेशींच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसतं. त्याचं मोठं कारण चेंडू त्यांच्या हाती कमी येतो, हे आहे. ज्या बाईने पंचवीस-तीस वर्षांत चेंडू फेकलेला नाही, तिला पडद्यावर ‘स्थूल स्नायूंचा विकास’ असं शीर्षक दाखवून काय होणार? ती शीर्षक वहीत उतरवते, गावी येते आणि मुलांना गोलात उभं करून बडबडगीत घेते. दोष तिचा नाही. जे तिच्या अंगात नाही ते ती मुलांच्या अंगात कसं उतरवणार?

म्हणून प्रशिक्षणाचा पहिला अर्धा दिवस सेविकांच्या स्वतःच्या हालचालीसाठी असावा. पदर खोचून किंवा पंजाबी ड्रेस घालून त्यांनी फेकावं, झेलावं, लंगडावं, तोल सांभाळत दोरीवरून चालावं. सुरुवातीला लाजतील, मग हसतील, मग इरेला पेटतील. जोडीदारणीचा पाय कुठे पडतो हे दुसरीने पाहावं आणि एकाच वाक्यात सांगावं. ‘नीट फेक’ हे सांगणं निरुपयोगी आहे. ‘बाजूला वळ, पाऊल टाक, फेक’ यातलं प्रत्येक सांगणं मुलाला करता येतं. खऱ्या मुलांसमोर हे करून पाहण्याचा तास नसेल तर ते प्रशिक्षण अपुरं आहे.

केंद्र सरकारने 2023 मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात सेविकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही शारीरिक विकासाला मानाचं स्थान दिलं. दिशा योग्य आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण आधी पर्यवेक्षिका-अधिकाऱ्यांना, मग त्यांच्याकडून सेविकांना, अशी प्रशिक्षणाची उतरंड असते, आणि प्रत्येक पायरीवर शरीराचा भाग गळत जातो. व्याख्यान पुढे पोचवता येतं, कृती पोचवायला करणारा लागतो. शिवाय तीन दिवसांत ओळख होते, सवय होत नाही. सवय महिन्यामहिन्याने लागते. दर महिन्याला बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या अंगणवाड्यांच्या, बैठका होतातच. तिथे अर्धा तास फक्त यासाठी ठेवला, प्रत्येकीने एका मुलाबद्दल काय पाहिलं ते सांगितलं, तर वर्षभरात डोळा तयार होईल. आणि पर्यवेक्षिकेने भेटीत ‘खेळ घेतला का?’ विचारून रकान्यात खूण करण्याऐवजी ‘एक खेळ घेऊन दाखवा’ म्हणावं.

यावर सेविका जे म्हणेल ते ऐकायलाच हवं. वजन-उंची, आहारवाटप, फोनवरच्या ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपमधल्या नोंदी, गृहभेटी, सर्वेक्षणं, आणि हे सगळं मानधनावर. डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस दीर्घ संपावर गेल्या, ते उगाच नव्हे. नवं काम देताना जुन्यातलं काही काढून घेणं हा न्याय आहे. मदतनिसांनाही प्रशिक्षणात बसवावं, कारण सेविका फोनमध्ये नोंदी भरत असते तेव्हा मुलं त्यांच्याच हाती असतात.

जागा नाही, साहित्य नाही, या तक्रारी मला तुलनेने लहान वाटतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं तेव्हा मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली आणि परिसरात मिळेल ते साहित्य वापरलं. खडूच्या रेघा, जुने टायर, सुंभाची दोरी, चिंध्यांचे चेंडू आजही पुरतात.

एक फायदा मात्र हिशेबात धरला जात नाही. ज्या सेविकेला चार वर्षांच्या मुलाची उडी वाचता येते, तिला दोन्ही पाय एकदम न उचलणारं, सतत एकाच हाताने सगळं करणारं, पायरीवर पुन्हा पुन्हा अडखळणारं मूलही दिसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, सेविका रोज असते. तिने पाहिलेलं नोंदवायला त्या पथकाच्या कागदांत जागा हवी, आणि तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी सर्वांत आधी तिलाच विचारायला हवं.