मरहूम वडिलांची ओढ आणि जुना बाजार

आपल्या औरंगाबादेत जाफर गेट परिसरात दर रविवारी आठवडी बाजार भरतो. ताज्या मालाबरोबर तेथे जुन्या वस्तूंचेही ढीग असतात. पाने, पकडी, कुलपे, बंद पडलेली घड्याळे, रेडिओचे सांगाडे, कल्हई उडालेली भांडी. या ढिगांपुढे उकिडवे बसलेल्यांत काही जण असे असतात, की ज्यांना वस्तूची गरज नसते. लहानपणी मरहूम वडील बोट धरून त्यांना येथे आणीत, एकेक वस्तू उलटसुलट करून पाहत, भाव ठरवीत. आता वडील नाहीत. पण रविवार उजाडला की पाय त्याच वाटेने वळतात. विचारले तर संकोचाने उत्तर मिळते, "अब्बांजवळ आल्यासारखे वाटते."

या ओढीला दीनमध्ये काय स्थान आहे? काही जण घाईने सांगतात की, हा दुनियेचा मोह आहे, निर्जीव वस्तूत मन गुंतवणे श्रद्धावंताला शोभत नाही. आम्हाला हे उत्तर कठोर वाटते, आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या जीवनाशी ते जुळतही नाही. बद्रच्या युद्धानंतर, हिजरी सन २ मध्ये, कैद्यांच्या सुटकेसाठी मक्केहून खंडणी येऊ लागली. पैगंबरांची कन्या आदरणीय जैनब (रजि.) यांनी पती अबुल आस यांच्या सुटकेसाठी पाठविलेल्या मालात एक कंठहार होता. तो त्यांच्या दिवंगत मातेचा, आदरणीय खदीजा (रजि.) यांचा, लग्नात लेकीला दिलेला. तो पाहताच पैगंबरांचे अंतःकरण भरून आले. त्यांनी सोबत्यांना विचारले की, त्यांची संमती असेल तर कैद्याला सोडावे आणि हारही लेकीला परत करावा. सोबत्यांनी मान्य केले. एका हाराने जी आठवण जागी केली ती पैगंबरांनी लपविली नाही. मात्र तो हार इतरांच्या संमतीवाचून परतही केला नाही.

ही दुसरी बाजू आपल्या घरांत फार वेळा विसरली जाते. वडिलांचे घड्याळ, शिलाई मशीन, हत्यारांची पेटी थोरला मुलगा "निशाणी" म्हणून उचलतो आणि बहिणींना कोणी विचारीतही नाही. दिव्य कुरआनच्या सूरह निसामध्ये मृत्युपत्र व कर्ज फेडल्यानंतर मुलामुलींचे हिस्से ठरवून दिले आहेत. त्यातून घड्याळ वगळलेले नाही. तीही तरक्याचीच वस्तू आहे. बहिणींनी राजीखुशीने सोडली तर गोष्ट वेगळी. पण भिडेखातर गप्प राहणे म्हणजे राजीखुशी नव्हे.

दुसरे घाईचे उत्तर याच्या उलट टोकाचे आहे: प्रेम आहे ना, मग पुरे झाले. येथे माननीय उमर (रजि.) यांचे उदाहरण ध्यानात घ्यावे. हजरे अस्वदचे चुंबन घेताना त्यांनी स्पष्ट सांगितले की, हा एक दगड आहे, तो लाभ वा हानी करू शकत नाही. पैगंबरांना चुंबन घेताना पाहिले म्हणूनच ते घेत होते. मग बाजारातल्या पान्याची काय कथा! पाना हातात घेतल्याने आपल्याला वडील आठवतात, वडिलांना मात्र काही पोचत नाही. त्यांना काय पोचते ते सहीह मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसमध्ये आले आहे: निरंतर चालणारा सदका, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि नेक संततीची दुआ. त्या हदीसमध्ये वस्तूंचा संग्रह नाही.

तरीही बाजारात जाऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच हदीससंग्रहात आदरणीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची एक हकीकत आहे. मक्केच्या वाटेवर त्यांना एक खेडूत अरब भेटला. त्यांनी त्याला सलाम केला, स्वतःच्या वाहनाचे गाढव त्याला दिले आणि डोक्यावरचा अमामाही काढून दिला. सोबत्यांना नवल वाटले. हे लोक तर थोडक्यातही खूश होतात, असे ते म्हणाले. तेव्हा त्यांनी सांगितले की, या माणसाचा बाप माझ्या वडिलांचा स्नेही होता, आणि वडिलांच्या स्नेह्यांशी नाते राखणे ही मोठी नेकी असल्याचे मी पैगंबरांकडून ऐकले आहे. येथे मुलगा वडिलांच्या ओढीने वस्तू गोळा करीत नाही, अंगावरची वस्तू देऊन टाकतो.

हे ध्यानी ठेवून बाजारात गेले तर नजर ढिगावरून उठून ढिगामागच्या माणसाकडे जाते. वीस-पंचवीस वर्षे तेथेच बसणारा एखादा म्हातारा विक्रेता वडिलांना नावाने ओळखत असेल, त्यांच्याशी भावावरून भांडला असेल, उधारीवर वस्तूही दिली असेल. ती उधारी राहिली आहे का, हेही त्याला विचारता येते. मृताचे कर्ज फेडणे हे तर वारसांचे पहिले काम. त्याची तब्येत कशी आहे, घरी कोण आहे, दुकान उचलायला हात लागतो का, हे विचारायला पाना विकत घ्यावा लागत नाही. सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असते. असरच्या नमाजनंतर, तो माल आवरायला घेतो तेव्हा गेलेले बरे.