नवरदेवाला उशीर झाला

नांदगावच्या स्टेशनावर एकेकाळी वेरूळला निघालेले प्रवासी उतरत. मनमाडहून निजामाच्या मुलुखात जाणारी रेल्वे १९०० साली सुरू होईपर्यंत लेण्यांचे दार म्हणजे हे गाव. इथून पुढे टांगा. नवी लाइन आली आणि दार मनमाडकडे सरकले. नांदगावकरांची काही चूक नव्हती. गाडीच दुसऱ्या वाटेने निघाली.

नांदगाव ज्या लाइनीवर आहे ती भुसावळमार्गे मुंबईला नागपूरशी जोडते. ही लाइन आठवते ती दोन शब्दांमुळे. ‘प्रभूची वेळ’ हे मराठी ख्रिस्ती घरांतले रोजचे शब्द. नोकरी लागत नाही, लग्न जमत नाही, आजार हटत नाही. पाळकसाहेब येतात, प्रार्थना करतात आणि हेच दोन शब्द बोलून जातात. त्यांचा खरा अर्थ शोधायला निघालेला माणूस फिरून फिरून याच रुळांवर येतो.

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून नांदगावला निघाले होते. हे नांदगाव म्हणजे राजनांदगाव संस्थान, नाशिक जिल्ह्यातले नव्हे. पण नावाचा योगायोग गमतीचा आहे. डब्यात एक अनोळखी युरोपियन भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरण्याआधी त्याने टिळकांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगून टाकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

उपदेशात सांगायला गोष्ट झकास आहे आणि ती बहुधा इथेच संपवली जाते. भाकीत झाले, तारीख जुळली, देवाचे घड्याळ बरोबर निघाले. त्या घड्याळाच्या दुसऱ्या बाजूला मात्र एक बाई होती.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाईंना नवऱ्याची ही ‘योग्य वेळ’ कडेलोटासारखी आली. पदरात लहान दत्तू, माहेर कर्मठ, अवतीभवती कुजबुज. पंढरपुरात नातलगांच्या आधाराने दिवस काढायचे. सुमारे पाच वर्षे नवराबायको वेगळे राहिले. अखेर त्या नगरला टिळकांकडे गेल्या, पण धर्म आणि सोवळे दोन्ही सांभाळून. टिळकांनी घाई केली नाही. तापट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाकडून ही सबुरी म्हणजे नवलच. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे लक्ष्मीबाईंना त्यांचे त्यांनाच उमगले आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांना अमक्या वर्षी ख्रिस्ती व्हाल असे कोणी सांगितले होते; लक्ष्मीबाईंना तसे कोणी सांगितले नाही. त्यांची वेळ त्यांच्याच पायांनी चालत आली.

मराठीत ‘काळ’ म्हणजे समय आणि ‘काळ’ म्हणजे मृत्यूही. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, असे अपघातातून वाचलेला माणूस सहज बोलून जातो. या दोन अर्थांच्या कात्रीत ख्रिस्ती शास्त्राने ‘सार्वकालिक जीवन’ हा शब्द आणून बसवला. मेल्यानंतर पुढे कधीतरी मिळणारी ती चीज आहे, असा समज सर्रास दिसतो. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र ते जीवन विश्वास ठेवणाऱ्याला आताच लाभलेले असते. फरक लहान वाटतो, पण सगळे वागणे त्याने बदलते. उद्याची चीज असेल तर हात जोडून बसावे. आजची असेल तर कामाला लागावे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला दहा कुमारींचा दृष्टान्त दिवाळीच्या दिवसांत तर जवळचाच वाटावा. दिवे घेऊन दहा जणी नवरदेवाची वाट पाहतात. त्याला उशीर होतो. त्यावरून जागे राहा, असे सांगितले जाते. दृष्टान्ताचा शेवटही तेच बजावतो. गोष्टीत मात्र एक गंमत आहे: झोप दहाही जणींना लागते, शहाण्या पाचांनाही. त्यांनी फक्त भांड्यात जादा तेल घेतलेले असते. म्हणजे उशीर होणार हे धरून चालणे, एवढेच त्यांचे शहाणपण.

टिळकांनी येशूचे चरित्र ओवीत बांधायला घेतले: ‘ख्रिस्तायन’. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, ख्रिस्ती संन्याशी झाले, ‘देवाचा दरबार’ मांडला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. काव्याचे आरंभीचे अध्यायच तेवढे झाले होते. ज्यांना अक्षरओळखही लग्नानंतर झाली त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. तेल हे असे असते.

पण प्रत्येक हिशोब असा जुळत नाही. टिळकांच्या घरी पोटच्या पोरासारखे राहिलेले बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात रूळ ओलांडताना गाडीखाली गेले. नांदगाववरून जाते तीच ही लाइन. त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. ही कोणाची वेळ? ‘प्रभूची’ असे झटकन उत्तर देणाऱ्यापासून दोन हात लांब राहिलेले बरे. बायबलमधला ईयोब आपल्या मित्रांवर चिडतो तो नेमका असल्या तयार उत्तरांमुळेच.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिमिशन या संस्थेतही उत्तर सोपे नव्हते. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. जिच्या हाती संस्था सोपवायची ती लेक मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई थांबल्या नाहीत. मुद्रिते तपासून हातावेगळी होईपर्यंत आयुष्य दे, अशी त्यांनी प्रार्थना केली, असे ख्रिस्ती घरांत आजही सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. ज्या बाईची नजर अनंताकडे होती ती शेवटच्या दिवसांत काना-मात्रा तपासत होती!

आता खरी अडचण. वाट पाहा, हे कोण कोणाला सांगतो? नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. धीर धरा, काळ बदलेल, असे सांगणारे तेव्हा कमी नव्हते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नांदगावच्या शेजारच्या येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. फेब्रुवारी १९३८ मध्ये नांदगाव तालुक्यातल्याच मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी बजावले. इतरांनी ठरवलेली वेळ त्यांनी नाकारली, पण स्वतःची वेळ घाईने आणली नाही. येवल्यानंतर धम्मदीक्षेला २१ वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. पुन्हा तीच लाइन, दुसरे टोक.

त्यांची वाट ख्रिस्ती नव्हती. पण ‘प्रभूची वेळ’ या शब्दांची परीक्षा येवल्याइतकी कडक दुसरीकडे क्वचितच होते. स्वतःच्या दुःखाबद्दल माणूस ते शब्द उच्चारतो तेव्हा ती श्रद्धा असते. तेच शब्द दुसऱ्याच्या वाट्याच्या अन्यायावर कोणी फेकले की ते दाराला घातलेले कुलूप होतात. गावकुसाबाहेरून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना मंडळीतही जात भेटली; त्यांना हा फरक कोणी शिकवावा लागला नाही.

लक्ष्मीबाईंनी म्हातारपणी ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिले. पुस्तक १९३४ पासून भागाभागाने बाहेर येऊ लागले. नवऱ्यापासून दूर काढलेल्या त्या पाच वर्षांबद्दल त्यात तक्रार आहे, हसूही आहे. देवाने हे सारे आधीच आखले होते असा आव कुठेच नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आले १९३८ मध्ये. आरंभ करणाऱ्याने ते पाहिले नाही, आणि ६४ अध्याय लिहिणारीनेही नाही.