दोघांची मिळून एकच वेळ



फेब्रुवारीचा दुसरा रविवार जागतिक विवाह दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने एखाद्या दांपत्याने या पत्रिकेत चार शब्द लिहावेत, अशी आपल्या फादरांची इच्छा असते. यंदा ती पाळी आमच्यावर आली आहे. आम्ही काही ईशज्ञानाचे अभ्यासक नाही. लग्नाला एकोणीस वर्षे झालेले, लोकलच्या वेळापत्रकावर जगणारे साधे जोडपे आहोत. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून ट्रायथलॉनच्या रिलेत भाग घेतला, आणि तेव्हापासून मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात जो तो आम्हाला त्याबद्दलच विचारतो. तेव्हा तोच विषय घेऊन बोलावे असे ठरवले.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे, आणि तेही सलग. ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत २००० साली सिडनीला आली. तिथले अंतर दीड किलोमीटर पोहणे, चाळीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणे असे आहे. २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर याहून मोठी ‘आयर्नमॅन ७०.३’ झाली, तिच्यात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. एवढे धाडस आमच्यात नाही. आम्ही कोकण किनाऱ्यावरच्या एका छोट्या, ऑलिम्पिक अंतराच्या स्पर्धेत उतरलो, आणि तेही रिलेमध्ये. म्हणजे तीन टप्पे दोघांत वाटून घ्यायचे. आमच्यातल्या नवऱ्याने पोहायचे आणि धावायचे, बायकोने सायकल चालवायची. नवरा लहानपणी बावखलात पोहायला शिकला. (ती बावखले बुजवून आपण काय मिळवले, हा वेगळा विषय आहे, पण आजच्या मुलांना पोहायला शिकायचे तर पैसे भरून तलावावर जावे लागते, एवढे खरे.)

शर्यत रविवारी सकाळी होती. म्हणून आम्ही शनिवारी संध्याकाळी तिथल्याच एका चर्चमध्ये मिस्सा ऐकली. हे मुद्दाम लिहितो, कारण खेळांचे सामने आणि शिबिरे रविवारी सकाळी ठेवण्याची पद्धत वाढत चालली आहे आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातली बाके रिकामी दिसू लागली आहेत. व्हॅटिकनने २०१८ च्या जूनमध्ये क्रीडेवर एक स्वतंत्र दस्तऐवज काढला. या विषयावरचा तो पहिलाच. ख्रिस्तसभा खेळाच्या विरोधात नाही. पण मुलाला मैदानावर सोडण्याआधी मिस्सेची सोय कशी होईल, एवढा विचार आईवडिलांनीच करायचा आहे.

या खेळाच्या इतिहासातही एक जोडपे आहे. अमेरिकेच्या नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी १९७४ साली सॅन दिएगो येथील मिशन बेच्या ट्रायथलॉनमध्ये आपल्या दोन मुलांसह भाग घेतला होता. पुढे हे कुटुंब हवाईला गेले. तिथे त्या दोघांच्या मनात एका लांब पल्ल्याच्या शर्यतीची कल्पना आली आणि १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली. पंधरा जण सुरुवातीला उभे राहिले, बारा जणांनी शेवट गाठला. आज जगभर हजारो माणसे ज्या खेळासाठी पहाटे उठतात, त्याच्या मुळाशी नवरा-बायकोचा संवाद आहे, हे वाचून आम्हाला फार बरे वाटले.

आता मुख्य गोष्ट. शाळेतल्या रिलेत आपण हातात काठी देत असू. ट्रायथलॉनच्या रिलेत काठी नसते. वेळ मोजणारी एक छोटी चिप असते. ती वेल्क्रोच्या पट्टीने घोट्याला बांधलेली असते. पोहणारा पाण्यातून धावत येतो, सायकली लावून ठेवलेल्या आवारात शिरतो, आणि तिथे उभ्या असलेल्या जोडीदाराच्या घोट्याला ती पट्टी बांधली गेल्याशिवाय सायकल हलवता येत नाही. म्हणजे कोणाला तरी खाली वाकावेच लागते. कितीही घाई असो, कितीही धाप लागलेली असो, दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या पायाशी बसावे लागते.

बंधू-भगिनींनो, पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात ते आपण दर वर्षी पाहतो. योहानच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल गुंडाळतो आणि शिष्यांच्या पायांशी बसतो. पेत्राला ते सहन होत नाही. आम्हाला नेहमी वाटे, की या प्रसंगात कठीण काम फक्त येशूचे आहे. पण पाय पुढे करणेही सोपे नाही. बायको दमून आली, तिची बोटे ग्रीसने काळी झालेली, थरथरणारी. अशा वेळी नवऱ्याने गुडघे टेकून तिच्या पायाची पट्टी सोडवायची. आणि चार लोकांसमोर तिनेही, “राहू द्या, मी करते,” असे न म्हणता पाय स्थिर धरायचा. आपल्याकडच्या बायकांना हे दुसरे काम जास्त जड जाते, असे आमच्यातल्या बायकोचे म्हणणे आहे.

आता आपल्या घरांकडे पाहू या. आपल्या धर्मग्रामात अशी कितीतरी जोडपी आहेत, की बायको रात्रपाळी संपवून स्टेशनवर उतरते तेव्हा नवरा कामाला निघालेला असतो. दोघांची गाठ पडते ती रेल्वेच्या पुलावर, दोन मिनिटे. तेवढ्यात घराची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जाते. धाकट्याला रात्री ताप होता, सहा वाजता औषध दिले. आईचे इन्सुलिन द्यायचे राहिले. वाडीतल्या मोटारीचा माणूस अकराला येईल. कोणाचा नवरा आखातात असतो, कोणाचा बोटीवर. तिथे हेच सगळे फोनवर सांगायचे असते, आणि नेमकी त्याच वेळी रेंज जाते. ही रिलेच नव्हे काय?

भांडणे बहुधा इथेच होतात. काम कोणी केले, किती केले, यावरून ती होतात असे आपल्याला वाटते. खरे पाहता काम दोघेही करतच असतात. बिघडते ते एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देताना. औषध दिल्याचे सांगितले जाते, पण ते आरोपासारखे. किल्ली दिली जाते, पण मान वर न करता. ऐकणाराही अर्धे ऐकतो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी संध्याकाळी पुन्हा वाद होतो. शर्यतीत पट्टी घाईने आणि सैल बांधली तर ती वाटेत गळून पडते. मग माणूस धावत राहतो, पण त्याची वेळ कुठेच नोंदली जात नाही. वाकायला लागतात ती फक्त दहा-पंधरा सेकंद. दहा-पंधरा सेकंद थांबणाऱ्या जोडप्याचा दिवस कसा जातो आणि न थांबणाऱ्याचा कसा जातो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जिथे दर वेळी एकच जण वाकतो, आणि आपल्या समाजात तो एक जण बहुधा बायकोच असते, तिथे रिले चालू आहे असे म्हणता येणार नाही. त्याला नुसते ओझे वाहणे म्हणतात. संत पौलाचे नाव सांगून बायकोला गप्प बसवणाऱ्यांनी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय एकविसाव्या ओवीपासून वाचावा. तिथे सुरुवातच दोघांनी एकमेकांच्या अधीन होण्यापासून आहे.

दुसरी गोष्ट थांबण्याची. रिलेत निम्म्याहून जास्त वेळ आपण काहीच करत नसतो. नवरा समुद्रात असताना बायको काठावर उभी होती. पाण्यात एकाच रंगाच्या टोप्या घातलेली शंभर डोकी. त्यात आपले कोणते ते कळत नाही. आपल्या कोळीवाड्यातल्या बायकांना हा अनुभव काय असतो ते सांगायला नको. पुढे बायको सायकलवर गेली, तेव्हा नवऱ्याची तीच गत झाली. तेविसाव्या किलोमीटरवर मागचे चाक पंक्चर झाले. नियम असा, की बाहेरच्या कोणी मदत करायची नाही. ट्यूब आपली आपणच बदलायची. नाक्यावरच्या सायकलवाल्याने तिला ते महिनाभर आधी शिकवून ठेवले होते. तिने रस्त्याकडेला बसून ते केले. पण आवारात उभ्या असलेल्या नवऱ्याला यातले काही माहीत नव्हते. हाताशी फोन नाही. बाजूच्या सायकली येत होत्या, पट्ट्या बदलत होत्या, माणसे धावायला निघून जात होती. अर्धा तास, पाऊण तास गेला. बोटांवर रोझरीची पाच रहस्ये मोजून झाली. सहावे रहस्य नसल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

थांबणे हे रिकामपण नव्हे, हे त्या पाऊण तासात आम्हाला समजले. जोडीदार ज्या रस्त्यावर आहे तिथे आपल्याला जाता येत नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेला नवरा, दारू सोडवण्यासाठी केंद्रात ठेवलेल्या माणसाची बायको, वडील गेल्यावर महिनोन्‌महिने गप्प झालेल्या बायकोच्या शेजारी नुसता बसून राहणारा नवरा, हे सगळे आपापल्या जागी उभे आहेत. त्यांचे काम एवढेच, की तो किंवा ती परत येईल तेव्हा आपण जागेवर असावे. वेदीपुढे आजारात आणि आरोग्यात साथ देण्याचे वचन आपण देतो तेव्हा त्यात सेवेचे काम तर येतेच. पण त्यात असे उभे राहणेही येते. ते कोणाला दिसत नाही आणि त्याबद्दल कोणी सत्कारही करत नाही.

तिसरी गोष्ट निकालाची. आमची एकूण वेळ तीन तास बावन्न मिनिटे. आमच्या मागे मोजकेच संघ होते. निकालाच्या कागदावर प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी छापलेली असते: पोहणे ४१ मिनिटे, सायकल १ तास ५८ मिनिटे, धावणे १ तास ९ मिनिटे, बाकीची मिनिटे अदलाबदलीत. घरी आल्यावर पाहुण्यांनी कागद पाहिला आणि लगेच विचारले, “सायकलमुळे वेळ गेला ना?” प्रश्न प्रेमाचाच होता. पण क्रमांक लागतो तो शेवटच्या एका आकड्यावर. सायकलीचे दोन तास नवऱ्याच्याही नावावर आहेत आणि पोहण्याची ४१ मिनिटे बायकोच्याही. संसारातली टप्प्यांची यादी मात्र आपण मनात जपून ठेवतो. तुमच्या बहिणीच्या लग्नात मी किती केले, माझ्या पगारावर घर कसे उभे राहिले, मुले लहान असताना रात्री कोण जागले. यादीतला प्रत्येक आकडा खरा असेलही. तरीही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल प्रीतीबद्दल जे सांगतो, त्यात अशा वहीला जागा नाही.

त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने शर्यतीचा दाखला दिला आहे. करिंथच्या जवळच इस्थमियाचे खेळ दर दोन वर्षांनी भरत आणि जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळे. तो काही दिवसांत सुके. वाचकांना हे चांगले माहीत असल्यामुळेच पौलाने तो दाखला निवडला असावा. पौलाचा धावपटू एकटा धावतो, आणि बक्षीसही एकालाच मिळते. पण हा पौल करिंथात राहत होता कोणाच्या घरी? अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवरा-बायकोच्या. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात त्यांची हकीगत आहे. तिघेही तंबू बनवण्याचे काम करत. रोममधून हुसकावलेले हे जोडपे करिंथला आले, तिथून इफिसला गेले, आणि जिथे गेले तिथे त्यांच्या घरात ख्रिस्तसभा जमू लागली. विद्वान अपुल्लोला त्यांनी जवळ बोलावून प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. नव्या करारात त्यांचा उल्लेख सहा वेळा येतो. सहाही वेळा दोघांची नावे जोडीनेच आहेत. कधी आधी त्याचे, पण जास्त वेळा तिचे. कोणी किती तंबू शिवले, कोणी किती शिकवले, हे लिहिणाऱ्याने वेगळे काढलेले नाही.

या रविवारी संध्याकाळच्या मिस्सेत दांपत्ये विवाहवचनांचे नूतनीकरण करतील. तिथे ज्यांचा जोडीदार हयात नाही ते मागच्या बाकांवर जाऊन बसतात, आपला आज काय संबंध, असे म्हणत. त्यांना आमची विनंती आहे की त्यांनी पुढे यावे. रिलेत ज्याचा टप्पा आधी संपतो तो घरी निघून जात नाही. तो शेवटच्या रेषेजवळ उभा राहून वाट पाहतो, आणि त्या दिवशी आम्हा दोघांना ती रेषा एकत्र ओलांडू दिली होती. आमच्या वाडीतल्या एक आजी दर २ नोव्हेंबरला नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावून बसतात आणि वर्षभराचे सगळे सांगतात: नातवाला नोकरी लागली, विहिरीचे पाणी मचूळ झाले, गुडघा दुखतो. आम्ही एकदा विचारले, “आजी, त्यांना ऐकू येतं का हो?” त्या म्हणाल्या, “तो कधी पूर्ण ऐकायचाच नाय. आता कुठे जाणार उठून?”