पोसलेल्या पाखराचे देणे



घरी वाढवलेला कोंबडा नाताळात कापायचा ठरला, की मुलांचे चेहरे उतरतात. मोठ्यांनाही आतून थोडे अवघड वाटतेच. मात्र तेच कुटुंब पुढच्या रविवारी दुकानातून किलोभर चिकन आणते, तेव्हा कुणाच्या पोटात तुटत नाही. जीव तर दोन्हीकडे गेलेला असतो. मग ज्याला आपण आठ महिने दाणे घातले त्याला कापणे अधिक वाईट, की ज्याला कधी पाहिलेही नाही त्याला दुसऱ्याच्या हातून कापवून घेणे अधिक वाईट?

उदाहरण टर्कीचे घेऊ. आपल्या हातकणंगले भागात अंगणात दिसते ती देशी कोंबडी, टर्की विरळाच. पण नाताळच्या जेवणाशी जगभर तिचे नाव जोडलेले आहे. हा पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. १६१२ साली मुकर्रब खान याने गोव्याहून काही अपूर्व पशुपक्षी बादशहा जहांगीरकडे नेले, त्यांत टर्कीचा नर होता. त्याच्या डोक्याचे आणि मानेचे बदलणारे रंग पाहून बादशहा थक्क झाला. दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

ज्या पक्ष्याकडे एक बादशहा डोळे विस्फारून पाहत राहिला, त्याचे पुढे माणसाने काय केले? छातीचे मांस वाढावे म्हणून निवड करत करत अशी पांढरी जात तयार केली, की तिच्या नराला स्वतःच्या वजनामुळे मादीशी जोडीही जमत नाही. कृत्रिम रेतन करावे लागते. उडणाऱ्या, स्वतः अंडी उबवणाऱ्या जुन्या जाती विसाव्या शतकाच्या अखेरीस नाहीशा होण्याच्या बेतात आल्या. त्या वाचवू पाहणारे लोक एक विचित्र वाटणारी गोष्ट सांगतात : या जाती खा, म्हणजे त्या वाचतील. ताटात मागणी असेल तरच कुणीतरी त्या पाळील. आपल्या देशी कोंबडीचेही तसेच आहे. अंड्यासाठी आणि रश्श्यासाठी तिला कुणी विचारलेच नाही, तर खुराडी ओस पडतील.

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. आम्ही खातो म्हणून तर ते पाखरू जन्माला आले. आमचे त्याच्यावर उपकारच आहेत! इंग्लंडमधील हेन्री सॉल्ट यांनी १९१४ साली या म्हणण्याला उत्तर दिले. लंडनमध्ये शिकत असताना गांधीजींनी ज्यांची शाकाहारावरील पुस्तिका वाचली, तेच हे सॉल्ट. त्यांचे म्हणणे असे, की जो अजून जन्मलाच नाही त्याच्यावर उपकार कसा करणार? जन्म हा त्याच्या मरणाचा आगाऊ चुकवलेला मोबदला होऊ शकत नाही.

मला सॉल्ट यांचे हे म्हणणे पटते. जन्म दिला म्हणून जीव घेण्याचा हक्क मिळत नाही. उलट जन्म दिला म्हणून आपल्यावर देणे चढते. अंडे उबवायला ठेवले, कोंबडीचे एकवीस दिवस किंवा टर्कीचे अठ्ठावीस दिवस भरले, पिल्लू बाहेर आले, की त्या घडीपासून त्याचे ऊन, पाऊस, दाणा, रोग हे सारे आपल्या खात्यावर येते. टर्कीची पिल्ले तर सुरुवातीला दाणाही ओळखत नाहीत. त्यांना खायला शिकवावे लागते. देशी कोंबड्यांसोबत ठेवली तर त्यांना जिवावरचा आजार होऊ शकतो, म्हणून जागा वेगळी लागते. पाळणाऱ्याला हे सारे पाहावे लागते. दुकानात मांस घेणाऱ्याला यातले काही दिसत नाही, पण म्हणून त्याच्या पैशाने पोसलेली व्यवस्था त्याची नाही असे होत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

‘आम्ही फक्त अंडी खातो’ म्हणणारेही यातून सुटत नाहीत. अंड्यांसाठीच्या जातींत नर पिल्लांचा व्यवसायाला उपयोग नसतो, म्हणून त्यांना बहुधा जन्मताच मारले जाते. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली.

तरीही एक आक्षेप उरतोच. घरचे पाखरू आपल्या हाकेला धावत येते, आणि हाक मारणाराच हात सुरी धरतो. हा विश्वासघात नाही काय? आपल्याच तालुक्यात कुंभोजला बाहुबलीचे क्षेत्र आहे. आपले कितीतरी जैन शेजारी पिढ्यान्‌पिढ्या मांसाशिवाय जगत आले आहेत. त्यांच्याकडे पाहिले, की ‘मांसावाचून चालतच नाही’ हे म्हणणे टिकत नाही. पवित्र शास्त्रातही माणसाला मांसाची मोकळीक मिळते ती जलप्रलयानंतर, आणि तीही मर्यादा घालून. अनुवादाच्या पुस्तकात तर घरट्यातली पिल्ले किंवा अंडी घेताना आईला सोडून देण्याचा नियम आहे. मोकळीक म्हणजे आज्ञा नव्हे.

म्हणून हा आक्षेप खोडून काढता येतो असे मला वाटत नाही. मात्र सर्वांवर तो सारखाच भारही टाकू नये. ज्या घरात चार कोंबड्यांच्या अंड्यांवर मुलांचे पोषण होते, एखादा कोंबडा विकून शाळेची वह्यापुस्तके येतात, त्या घरच्या बाईला नीतीचे धडे देण्याचा अधिकार भरल्या ताटावर बसलेल्याला नाही. गरजेसाठी घेतलेला जीव आणि पाहुण्यांपुढे मिरवण्यासाठी घेतलेला जीव यांत फरक आहे.

आपल्यापैकी जे खातात, त्यांनी निदान तीन गोष्टी पाहाव्यात. पाखरू जगले कसे : त्याला माती उकरता आली का, पंख पसरता आले का? मेले कसे : पाय बांधून, उलटे लटकवून, मोटारसायकलवरून त्याला नेले का? प्राण्यांची विनाकारण यातना होईल अशी वाहतूक १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण रस्त्यावर आपण ती रोज पाहतो. आणि तिसरे, त्याचे मांस वाया तर गेले नाही? सणाच्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर पडलेले अन्न हा त्या जिवाचा दुसऱ्यांदा झालेला अपमान आहे.

मुलांना या विषयात खोटे सांगू नये. ‘कोंबडा पळून गेला’ म्हणण्यापेक्षा तो ताटात आहे, हे त्यांना सांगावे. एखाद्या मुलाने मग खायला नकार दिला, तर त्याला हसू नये, बळजबरीही करू नये. त्याच्यासाठी त्या दिवशी वरणभात वेगळा काढावा, आणि तो का खात नाही हे त्याच्याकडून ऐकून घ्यावे.