नकाराचे वय

नकाराला वय असते काय? हा प्रश्न लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील ‘हंड्रेड क्लब’ या तळघरात ‘यूके सब्स’ या जुन्या पंक चमूचे गाणे ऐकताना एका रात्री माझ्यापुढे उभा राहिला. जेमतेम साडेतीनशे माणसे मावतील अशी ती जागा. लाल भिंती, मध्येच आडवे येणारे खांब आणि ठेंगणा रंगमंच. गायक चार्ली हार्पर यांचा जन्म १९४४चा. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी साठी गाठलेली. कातडी जाकिटे टिकून होती, केस मात्र विरळ झाले होते. गाण्याचा वेग आणि कर्कशपणा यांत वयाला दिलेली सवलत जाणवत नव्हती. बाहेर पडताना सोबतचा तरुण संशोधक म्हणाला, “ऐकायला मजा आली, पण हे आता खरे नाही.”

या आक्षेपाचे गांभीर्य मान्य केले पाहिजे. २० व २१ सप्टेंबर १९७६ रोजी याच तळघरात सेक्स पिस्टल्स, क्लॅश, डॅम्ड आदींचा पंक महोत्सव झाला. संगीतातील कसबाची मिरास, वडीलधाऱ्यांची प्रतिष्ठा आणि आश्वासक भविष्यकाळ या तिन्हींना नकार देणे हे या चळवळीचे आत्मभान होते. मग ज्या भविष्याला नकार दिला त्याच भविष्यात, वडीलधारे होऊन, तीच गाणी म्हणणाऱ्याला काय म्हणावे? सार्त्रने आत्मवंचनेचे विवेचन करताना वेटरची भूमिका अतिदक्षतेने वठवणाऱ्या वेटरचे उदाहरण दिले आहे. वृद्ध पंक गायकही तसाच पंकची भूमिका वठवीत असतो, असे आक्षेपकाला सुचवायचे असते.

तथापि या आक्षेपात दोन गृहीतके दडलेली आहेत. पहिले असे, की बंडखोरी हा तारुण्याचा स्वाभाविक उद्गार असून तारुण्यासोबतच तिची सत्यता संपते. परंतु पंकचा उदय झाला तेव्हा हार्पर बत्तीस वर्षांचे होते. त्याआधी ते ऱ्हिदम अँड ब्लूज गात होते आणि केशकर्तनाचा व्यवसाय करीत होते. त्यांच्या बाबतीत पंक ही वयाने लादलेली अवस्था नव्हती, ती त्यांनी जाणतेपणी केलेली निवड होती. तारुण्य हे पंकचे चिन्ह होते. त्याला पंकचे कारण समजणे हा चिन्ह आणि वस्तू यांतील घोटाळा होय.

दुसरे गृहीतक अधिक मूलभूत आहे. मूळची भावना आज मनात नसेल तर तिचा उच्चार खोटा ठरतो, असे ते आहे. येथे प्रामाणिकपणा हेच एकमेव मूल्य मानले जाते. परंतु सेक्स पिस्टल्स १९९६ साली पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यांनी आपल्या दौऱ्याला गलिच्छ पैशाचेच नाव दिले. त्यांनी काहीही लपविले नाही. प्रामाणिकपणाच्या कसोटीला तो दौरा पूर्णपणे उतरतो. तरीही त्याला निष्ठा म्हणायला आपण धजत नाही. याचा अर्थ प्रामाणिकपणा आणि निष्ठा ही दोन वेगळी मूल्ये आहेत.

गॅब्रिएल मार्सेलने हा भेद एका साध्या प्रसंगातून मांडला आहे. आजारी माणसाला आपण कळवळून ‘पुन्हा येईन’ असे वचन देतो. पुढे तो कळवळा ओसरतो. तेव्हा जाणे हे ढोंग ठरते काय? भावना टिकेलच, अशी हमी कोणालाच देता येत नाही. म्हणून निष्ठा ही भावनेच्या सातत्यावर उभी राहू शकत नाही. ती कृतीतून पुनःपुन्हा घडवावी लागते. मार्सेलला अभिप्रेत असलेली निष्ठा या अर्थाने सर्जनशील आहे.

यूके सब्सच्या ध्वनिमुद्रिकांची नावे इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने येतात. १९७९ साली ‘ए’पासून सुरू झालेला हा क्रम २०१६ साली ‘झेड’पाशी पूर्ण झाला. भविष्य नाकारणाऱ्या चळवळीतील एका चमूने सदतीस वर्षे प्रत्येक वेळी पुढच्या अक्षराचे देणे फेडले. यात विसंगती आहे. परंतु वचन पाळणे म्हणजे काय, हेही याच विसंगतीतून कळते.

मराठी वाचकाला येथे नेमाडे यांनी केलेली ‘लेखकरावा’ची चिकित्सा आठवेल. आपल्याकडे बंडखोराचे वय झाले की तो प्रस्थापित झाला, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः लेखकरावपण वयात नसते. वाचकाशी असलेले समपातळीचे नाते सुटून व्यासपीठ उंच होते, तेव्हा ते सुरू होते. हंड्रेड क्लबचा रंगमंच ठेंगणाच राहिला आहे. अर्थात त्या जागेलाही निर्मळपणाचा दावा करता येणार नाही. २०१० साली ती बंद पडण्याच्या बेतात होती आणि २०११ साली पादत्राणांच्या एका कंपनीच्या प्रायोजकत्वाने ती तगली. निष्ठा बाजाराबाहेर राहत नाही. बाजारात राहून आपण कोणते नाते विकत नाही, एवढेच तिला ठरविता येते.

एक गोष्ट मात्र त्या तरुणाच्या बाजूने मान्य केलीच पाहिजे. १९७६ साली या गाण्यांनी समाजाला धास्ती वाटत होती. आज त्यांची धास्ती कोणालाही वाटत नाही. नकाराची इजा करण्याची शक्ती गेली आहे आणि ही हानी खरी आहे. निष्ठा ती भरून काढू शकत नाही. त्या शक्तीची अपेक्षा नव्या नकारांकडूनच करावी लागेल, आणि ते बहुधा आपल्याला आवडणारही नाहीत.

मग उरते काय? त्या रात्री पुढच्या गर्दीत उड्या मारताना एक वयस्क गृहस्थ कोसळले. गाणे चालूच होते. चारही बाजूंनी हात आले, त्यांना उभे केले गेले आणि धक्काबुक्की पुन्हा सुरू झाली. पडलेल्याला उचलायचे, हा त्या गर्दीचा जुना, कोठेही न लिहिलेला नियम आहे. संताप त्या माणसांच्या मनात शिल्लक होता की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्या संतापाने एकेकाळी जोडलेले नाते मात्र ती माणसे अजून पाळत होती.