हातांच्या टप्प्यातील शिकार

गेल्या हिवाळ्यात जुमाच्या नमाजनंतर जिंतूर तालुक्यातील एक गृहस्थ माझ्याजवळ थांबले. त्यांचा मुलगा न्यूझीलंडमध्ये नोकरीस आहे. त्याचे सहकारी पैसे भरून, वाटाड्या घेऊन स्टुअर्ट बेटावर हरणांच्या शिकारीस निघाले होते. "मौलाना, तिथे कायद्याची मुभा आहे. मुलाने बिस्मिल्लाह म्हणून गोळी झाडली, तर गोश्त हलाल ना?"

शिकार मुळात निषिद्ध नाही. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी विचारले असता प्रेषितांनी (स.) खुलासा केला की, शस्त्राच्या धारेने जखमी होऊन मेलेले जनावर खावे, आडव्या आघाताने मेलेले खाऊ नये. बंदुकीच्या गोळीविषयी उलमांत मतभेद आहे तो यामुळेच. आपल्याकडील अनेक हनफी उलमांच्या मते असे जनावर जिवंत हाती लागून जबह झाले तरच हलाल. तेव्हा मुलाने सोबत सुरी अवश्य न्यावी.

पण सुरीने सारा प्रश्न सुटत नाही. त्या बेटावरील पांढऱ्या शेपटीची हरणे तेथील मूळची नव्हेत. १९०५ साली माणसानेच ती आणून सोडली. त्यांना खाणारा हिंस्र पशू तेथे नाही आणि रानातील कोवळी रोपे ती फस्त करतात. म्हणून तेथे शिकारीला काही कारण तरी आहे. परंतु वाटाड्या जनावर हेरतो, वाऱ्याची दिशा पाहतो, अंतर सांगतो; पाहुण्याने केवळ चाप ओढायचा. मग शिंगांसह मस्तक भिंतीवर जाते आणि धड? नाहक मारलेल्या चिमणीचाही जाब विचारला जाईल, असे हदीसमध्ये आले आहे. तिचा हक्क एवढाच की तिला जबह करून खावे. मुंडके तोडून फेकून देऊ नये.

मी म्हणालो, "गोश्त किती जण खाणार, हे मुलाला विचारा."

गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "खरं तर मला आपल्या शिवारातल्या काळविटांचं विचारायचं होतं. हरभऱ्याचे शेंडे राहू देत नाहीत. शहरातला एक जण रात्री बंदूक घेऊन यायला तयार आहे. कोण बघतं?"

मी शेतकऱ्याचाच मुलगा. उगवलेले पीक एका रात्रीत गेले की घरात कशी शांतता पसरते, हे मी पाहिले आहे. भरपाईसाठी अर्ज करता येतो, हे सांगतानाही माझा आवाज जड झाला. परंतु काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सूरह माइदाचा आरंभच करार पाळण्याच्या आदेशाने होतो, आणि त्याच आयतीत एहराममधील शिकारीची मनाईही आहे. नागरिक म्हणून देशाचा कायदा आपण स्वीकारला आहे, तोही करारच. पुढे ९४ व्या आयतीचा आशय असा की, हात व भाले पोहोचतील इतकी शिकार जवळ आणून अल्लाह पारखतो, न पाहता त्याचे भय कोण बाळगतो. भाष्यकार सांगतात, हुदैबियाच्या प्रवासात एहराममधील सहाबांच्या अगदी तंबूंपर्यंत जनावरे येत होती. आयत एहरामची, हे खरे. पण "कोण बघतं?" याचे उत्तर मला तिच्यातच सापडले, आणि मी ते त्यांना सांगितले.

बंदूक आली नाही. हरभरा मात्र त्या वर्षी निम्माच घरात आला.