मोडीचा भाव

निवृत्तीनंतर आपल्यापैकी काहींना नवा छंद जडला आहे. जव्हारात एखादे जुने घर मोडते, वारस मुंबईला असतात. मग घंगाळ, समई, अडकित्ता मोडीच्या भावात मिळतात. चिंच लावून घासायचे, फोटो काढायचा, ऑनलाइन विकायचे. वेळ जातो, औषधाचा खर्च निघतो. यात पाप नाही. (बोहाड्याचा मुखवटा मात्र आम्ही घेत नाही, जो लावून गाव नाचले तो एका घराचा कसा?)

पण आजी समईचे तीनशे मागते आणि आम्हाला ठाऊक असते की ती तीन हजारांना जाईल. तेव्हा गप्प राहावे काय? संत ऑगस्टीन एका माणसाविषयी लिहितात: पुस्तक विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, त्याने थोडकेच मागितले, घेणाऱ्याने न मागता योग्य किंमत दिली. संत थॉमस अक्वायनस तर म्हणतात, कुणी सोने पितळ समजून विकले आणि आपण जाणूनबुजून घेतले, तर भरपाई आपल्याकडे लागते. आपल्या कष्टांचा मोबदला घेण्यास त्यांची हरकत नाही.

आम्ही आता आजीला आधी ऑनलाइनचा भाव दाखवतो. गेल्या खेपेस तिने समई परत फडताळात ठेवली.